कालचा उद्या: जुन्या विज्ञान मासिकांची मुखपृष्ठं आणि त्यांच्यावरची यंत्रं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या अमेरिकन विज्ञान मासिकांची मुखपृष्ठं मी अनेक वर्षं जमवतो आहे, त्यांच्यावर लिहितो आणि बोलतो आहे. लोकांकडून येणारे प्रश्न बरेचसे तेच असतात, म्हणून इथे एकत्र केले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘रेट्रो-फ्युचरिझम’ म्हणजे नेमकं काय? जुनी विज्ञानकथा म्हणजे तेच का?

आधीच्या पिढ्यांनी कल्पिलेलं भविष्य आज आपण मागे वळून पाहतो, त्याला हे नाव आहे. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही. मी ‘कालचा उद्या’ म्हणतो. एक गोष्ट मात्र मनात पक्की ठेवायला हवी. १९२५ मध्ये ब्रश हातात घेऊन बसलेला चित्रकार जुनं काही काढत नव्हता. त्याच्या दृष्टीने तो खरोखरचा उद्या काढत होता, अगदी मनापासून. ‘रेट्रो’ हे आपल्या नजरेत आहे, त्याच्या चित्रात नाही.

विज्ञानकथेशी याचं नातं जवळचं आहे, पण दोन्ही एकच नाहीत. विज्ञान मासिकं ही यंत्रं कथा म्हणून छापत नसत. ‘हे होऊ शकतं, बघा कसं’ असं म्हणून छापत. आत यंत्राचा उभा छेद असे, भागांवर अक्षरं टाकलेली असत आणि वीज कुठून कुठे जाते हे बाणांनी दाखवलेलं असे.

२. ही मासिकं कोणती आणि कुठल्या काळातली?

लोकांच्या पाहण्यात येणारी बहुतेक मुखपृष्ठं साधारण १९०८ ते १९५५ या काळातल्या अमेरिकन मासिकांची असतात. सगळ्यांत जुनं ‘पॉप्युलर सायन्स’, १८७२ मध्ये निघालेलं. सुरुवातीला ते विद्वानांचं, गंभीर लेखांचं मासिक होतं. यंत्रवेड्यांचं झालं ते पुढे, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ हेन्री विंडसर यांनी १९०२ मध्ये शिकागोत काढलं आणि ‘तुम्हाला समजेल असं लिहिलेलं’ हे आपलं ब्रीद केलं. ‘मॉडर्न मेकॅनिक्स’ १९२८ चं. या तिघांत सगळ्यांत भडक मुखपृष्ठं त्याचीच.

माझ्या लेखी या सगळ्याचा गाभा मात्र ‘इलेक्ट्रिकल एक्सपेरिमेंटर’ हा आहे. ते १९१३ मध्ये सुरू झालं, ऑगस्ट १९२० पासून त्याचं नाव ‘सायन्स अँड इन्व्हेन्शन’ झालं आणि १९३१ मध्ये ते ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’मध्ये विलीन झालं. अठरा वर्षांचं आयुष्य, पण त्यात काय काय येऊन गेलं! निकोला टेस्ला यांनी आपलं आत्मकथन १९१९ मध्ये क्रमशः लिहिलं ते याच मासिकात.

३. ह्यूगो गर्न्सबॅक हे नाव सगळीकडे दिसतं. हे कोण?

ह्यूगो गर्न्सबॅक १८८४ मध्ये लक्झेंबर्गमध्ये जन्मले आणि १९०४ मध्ये विशीचे असताना अमेरिकेत आले. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी विजेच्या आणि बिनतारी यंत्रांच्या सुट्या भागांचं दुकान काढलं. माल टपालाने घरपोच जायचा. ग्राहक बहुतेक शाळा-कॉलेजातली मुलं, घराच्या माडीवर तारा जोडत बसणारी. माल विकायचा तर त्याचं काय करायचं हे शिकवायला हवं, म्हणून १९०८ मध्ये त्यांनी पहिलं मासिक काढलं. वर सांगितलेलं ‘इलेक्ट्रिकल एक्सपेरिमेंटर’ही त्यांचंच. म्हणजे आधी दुकान आणि मग मासिक. हा क्रम लक्षात घेतला की मासिकांचा स्वभाव कळतो. वाचकाच्या हातात त्यांना पक्कड द्यायची होती.

एप्रिल १९२६ मध्ये त्यांनी ‘अ‍ॅमेझिंग स्टोरीज’ सुरू केलं, फक्त विज्ञानकथांना वाहिलेलं पहिलं इंग्रजी मासिक. १९२९ मध्ये त्यांच्या कंपनीचं दिवाळं निघालं आणि मासिकं हातची गेली, तरी काही महिन्यांतच ते नवी मासिकं घेऊन पुन्हा उभे राहिले. विज्ञानकथेचा ह्यूगो पुरस्कार १९५३ मध्ये पहिल्यांदा दिला गेला, तो त्यांच्याच नावाचा. लेखकांना पैसे देण्यात त्यांचा हात आखडता होता, हेही खरं आहे. अनेक लेखकांचं त्यांच्याशी यावरून बिनसलं.

४. मुखपृष्ठं कोण काढायचं?

बरेच जण होते, पण एकच नाव लक्षात ठेवायचं असेल तर फ्रँक आर. पॉल. ऑस्ट्रियात जन्मलेले, वास्तुरचनेचं शिक्षण घेतलेले. गर्न्सबॅक यांच्या विज्ञान मासिकांसाठी ते आधीपासून चित्रं काढत होतेच. ‘अ‍ॅमेझिंग स्टोरीज’च्या पहिल्या अंकाचं मुखपृष्ठही त्यांचंच. आकाशात वलयांसह भलामोठा शनी, खाली बर्फावर घसरत चाललेली माणसं आणि हिमाच्या उंचवट्यावर अडकलेली जहाजं.

पॉल यांच्या चित्रात वास्तुरचनाकार लगेच ओळखू येतो. यंत्र कितीही अचाट असो, त्याला जमिनीवर टेकायला पाया असतो, वर चढायला जिना असतो, जिन्याला कठडा असतो. रिव्हेट मोजून घ्यावेत. माणसं मात्र लाकडी दिसतात. चेहरे एकसारखे, हात आखडलेले. टीकाकारांनी हा दोष पुष्कळ उगाळला आहे. मला तो कधी खटकला नाही, कारण त्या चित्रात माणूस असतो तो यंत्राची उंची कळावी म्हणून. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, तेव्हा सन्माननीय पाहुणा म्हणून कुणा लेखकाला नव्हे, पॉल यांना बोलावलं होतं.

५. रंग इतके भडक का? पिवळं आकाश, लाल समुद्र?

कारण अंक विकला जायचा तो न्यूजस्टँडवर, डझनावारी मासिकांच्या गर्दीत. दहा पावलांवरून नजर खेचली गेली पाहिजे. दिवाळीच्या आधी पुस्तकांच्या दुकानात मांडलेले अंक आठवा. दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ लांबून ओळखू यायचं, तेच हे गणित.

दुसरं कारण छपाईचं. मोजक्या शाईंच्या ठिपक्यांतून सगळे रंग काढायचे, म्हणजे हलक्या छटा चिखलासारख्या उतरण्याची धास्ती. सपाट पिवळी किंवा लाल पार्श्वभूमी हमखास स्वच्छ छापली जाई आणि तिच्यापुढे यंत्राची काळी-निळी रेघ उठून दिसे.

६. मुखपृष्ठावरची यंत्रं कुणी खरोखर बनवली होती का?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण खरोखर बनलेली आणि निव्वळ कल्पनेतली यंत्रं एकाच थाटात छापलेली असतात. मुखपृष्ठावरून फरक कळत नाही. आतलं पान उघडावंच लागतं.

काही यंत्रं खरोखर चालली. ‘डायनास्फिअर’ घ्या. अख्खी मोटार म्हणजे दहा फूट उंचीचं एकच चाक, आणि माणूस त्या चाकाच्या पोटात बसलेला. इंग्लंडच्या जॉन पर्व्हिस यांनी ते बनवलं आणि १९३२ मध्ये वेस्टन-सुपर-मेअरच्या किनाऱ्यावर चालवून दाखवलं. त्याच्या चित्रफिती आजही पाहायला मिळतात. ताशी २५-३० मैलांचा वेग त्याने गाठला. अडचण होती वळण्याची आणि थांबण्याची. वळायचं तर आतली बैठक एका बाजूला झुकवायची, आणि एकदम ब्रेक दाबला की आतला माणूसच चाकाबरोबर गरगर फिरण्याची भीती. मुखपृष्ठावर ते चाक डौलात धावताना दिसतं. ब्रेकचं चित्र कोण छापणार?

दुसरं उदाहरण बेनी रेलप्लेनचं. ग्लासगोजवळच्या मल्गाय गावी जॉर्ज बेनी यांनी लोखंडी सांगाड्यावरून लटकणारा, दोन्ही टोकांना विमानाचे पंखे लावलेला डबा बांधला. खालून नेहमीची आगगाडी जायची आणि वरून हा. जुलै १९३० मध्ये लोकांना बसवून फेऱ्याही झाल्या. ताशी १२० मैलांचं स्वप्न होतं, पण मार्ग बांधला गेला जेमतेम १३० मीटर. तेवढ्यात वेग कुठून येणार? पुढचा पैसा उभा राहिला नाही, बेनी यांचं दिवाळं निघालं आणि १९५६ मध्ये तो सगळा सांगाडा भंगारात गेला. या माणसाबद्दल वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं, कारण त्याच्या कल्पनेची परीक्षा झालीच नाही.

काही यंत्रं कागदावरच राहिली, पण हिशेब मांडून. त्यांचं उत्तम उदाहरण प्रश्न ११ मध्ये आहे. बाकीची संपादकाच्या आणि चित्रकाराच्या बैठकीत जन्मली आणि तिथेच संपली. पहिल्या महायुद्धाच्या काळात ‘इलेक्ट्रिकल एक्सपेरिमेंटर’वर आलेली राक्षसी चाकांची, खंदक चिरडत जाणारी युद्धयंत्रं याच जातीची.

७. डोक्यावर लाकडी शिरस्त्राण घालून लिहीत बसलेल्या माणसाचा फोटो फिरतो. तो खरा आहे का?

खरा आहे. ते ‘आयसोलेटर’. गर्न्सबॅक यांनी जुलै १९२५ च्या ‘सायन्स अँड इन्व्हेन्शन’मध्ये ते मांडलं होतं. एकाग्र होऊन काम करता यावं म्हणून बाहेरचा आवाज आणि इकडेतिकडे भरकटणारी नजर, दोन्ही बंद करायची. रचना अशी: लाकडी टोप, त्याला कॉर्कचं अस्तर, वरून फेल्ट. डोळ्यांपुढे काचा, आणि त्या काचा काळ्या रंगवून त्यांवर एकच बारीक रेघ खरवडलेली, म्हणजे कागदावरची एका वेळी एकच ओळ दिसावी. आत कोंडलेल्या हवेने थोड्या वेळात गुंगी येते हे लक्षात आल्यावर शेजारी प्राणवायूची नळकांडी ठेवून तोंडापाशी नळी जोडली.

फोटोखाली बहुधा ‘बघा, काय वेडे लोक होते’ असं लिहिलेलं असतं. मला तसं मुळीच वाटत नाही. लेख वाचला की दिसतं की तक्रार दाराच्या घंटीची आहे, टेलिफोनची आहे, आणि आपल्याच मनाला सुचणाऱ्या सबबींची आहे. बाहेरचा आवाज बंद करणारे हेडफोन कानावर चढवून बसणाऱ्या आजच्या माणसाची तक्रार काही वेगळी नाही.

८. १९२५ मध्येच कुणीतरी दूरवरून तपासणारा डॉक्टर दाखवला होता म्हणे?

हो, फेब्रुवारी १९२५ च्या ‘सायन्स अँड इन्व्हेन्शन’चं मुखपृष्ठ. यंत्राचं नाव ‘टेलिडॅक्टिल’, म्हणजे दूरची बोटं. डॉक्टर आपल्या खोलीत पडद्यासमोर बसला आहे. पडद्यावर रोगी दिसतो आणि डॉक्टरच्या हातात दांडे आहेत. पलीकडे रोग्याच्या घरी तशाच यंत्राचे लांबट, काटकुळे हात त्याला स्पर्श करत आहेत. सगळं रेडिओवरून. पन्नास वर्षांनी, १९७५ पर्यंत, हे होईल असा गर्न्सबॅक यांचा अंदाज होता.

या चित्राकडे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. तेव्हा टेलिव्हिजन अजून प्रयोगशाळेबाहेर पडलेला नव्हता. तरी त्यांनी नुसतं ‘दिसेल’ एवढ्यावर समाधान मानलं नाही. यंत्राची बोटं जिथे टेकतील तिथला प्रतिकार डॉक्टरच्या हाताला जाणवला पाहिजे, हा त्यांचा मुख्य मुद्दा. ७ सप्टेंबर २००१ रोजी सर्जन जॅक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या एका रुग्ण महिलेचं पित्ताशय रोबोटच्या साहाय्याने काढलं. अटलांटिकपलीकडून केलेली ती पहिली शस्त्रक्रिया. म्हणजे गर्न्सबॅक यांचं वर्ष पाव शतकाने चुकलं. आणि त्यांना सगळ्यांत महत्त्वाचा वाटलेला स्पर्श आजही यंत्रातून पोचवायला सगळ्यांत अवघड मानला जातो.

९. मग एकूण किती भाकितं खरी ठरली?

हा हिशेब मी ठेवत नाही, आणि का ठेवत नाही ते सांगतो. बरोबर-चूक अशा खुणा करत गेलं की चित्रातलं खरं काही हाती लागत नाही. एकमेकांचे चेहरे दाखवणारा टेलिफोन गर्न्सबॅक यांनी १९११ मध्येच लिहिला होता. खूण करायची तर ‘बरोबर’. पण त्यांचा तो टेलिफोन भिंतीवर बसवलेला आहे आणि माणूस त्याच्यासमोर येऊन उभा राहतो. आपण चालता चालता, भाजी घेताना, लोकलच्या दारात लटकत तेच करतो. यंत्र ओळखलं, पण त्याभोवतीचं जगणं ओळखलं नाही. मला या फटीतच सगळी गंमत दिसते.

शिवाय ही मंडळी नुसती भाकितं करत नव्हती. गर्न्सबॅक यांचं न्यूयॉर्कमध्ये स्वतःचं रेडिओ केंद्र होतं. ऑगस्ट १९२८ मध्ये त्यावरून त्यांनी चित्रं प्रक्षेपित करायला सुरुवात केली. चित्र टपालाच्या तिकिटाएवढं, जेमतेम ४८ रेघांचं. ते पकडायचं यंत्र घरी कसं बनवायचं, याचे आराखडे त्यांच्याच मासिकांत होते.

१०. उडत्या मोटारी का आल्या नाहीत? प्रत्येक दुसऱ्या मुखपृष्ठावर तर त्याच दिसतात.

आल्या होत्या. टिकल्या नाहीत. १९३६ मध्ये पिटकेर्न कंपनीचं एक ऑटोजायरो, म्हणजे डोक्यावर फिरती पाती असलेलं विमान, वॉशिंग्टनच्या मध्यवस्तीतल्या बागेत उतरलं, पाती मिटली आणि रस्त्यावरून चालत सरकारी कचेरीच्या दारात गेलं. मोल्टन टेलर यांच्या ‘एरोकार’ला तर १९५६ मध्ये रीतसर सरकारी प्रमाणपत्र मिळालं. बनल्या फक्त सहा.

कारणं बरीच आहेत, पण मुळाशी एकच. जमिनीवर मोटार बंद पडली तर आपण ती कडेला घेतो. आकाशाला कडा नाही. त्यातून जे यंत्र विमान आणि मोटार दोन्ही व्हायला जातं ते विमान म्हणून जड आणि मोटार म्हणून नाजूक होतं. फेब्रुवारी १९५१ च्या ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’च्या मुखपृष्ठावर एक गृहस्थ आपलं पिवळं हेलिकॉप्टर हाताने ढकलत घराच्या गॅरेजमध्ये नेतो आहे. चित्र लोभस आहे. आता त्या गल्लीतल्या प्रत्येक घरात तसंच एक आहे आणि सकाळी साडेआठला सगळी एकदम सुरू झाली आहेत, असं मनात आणून बघा.

११. समुद्राच्या मधोमध विमानतळ ही निव्वळ कल्पना होती ना?

अजिबात नाही. एडवर्ड आर्मस्ट्राँग या अभियंत्याने आयुष्याची कितीतरी वर्षं या ‘सीड्रोम’मागे घातली. १९२० च्या दशकातली विमानं एका दमात अटलांटिक ओलांडून माल आणि प्रवासी नेऊ शकत नव्हती. मग वाटेत काही शे मैलांवर एकेक तरंगता तळ नांगरून ठेवायचा. हजार फुटांहून लांब फलाट, खाली इंधन, वर हॉटेल. एसटीच्या थांब्यासारखे थांबे घेत विमानाने पलीकडे जायचं.

त्यातली खरी युक्ती मुखपृष्ठावर दिसतच नाही, कारण ती पाण्याखाली आहे. लाट ही पृष्ठभागाची खळबळ, खोलवर पाणी जवळजवळ शांत असतं. म्हणून आर्मस्ट्राँग यांनी फलाट पाण्याच्या खूप वर उचलला, तो पातळ खांबांवर तोलला आणि तरंगायचे पिंप लाटांच्या बऱ्याच खाली नेले. लाटा खांबांमधून निघून जातात, फलाट हलत नाही. त्यांच्या प्रतिकृती पाण्यात उत्तम टिकल्या. मग मंदी आली, पैसा आटला, आणि दरम्यान विमानांचा पल्लाच इतका वाढला की मध्ये उतरायची गरज संपली. तत्त्व मात्र वाया गेलं नाही. खोल समुद्रात तेल काढणारे तरंगते फलाट याच रचनेवर उभे आहेत. मुंबई हायचे बरेचसे फलाट समुद्रतळात पाय रोवून उभे आहेत, ते वेगळे. तिथे पाणी उथळ आहे.

१२. ‘भविष्यातला संगणक दीड टनाचा असेल’ असं ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ने म्हटलं होतं, हे खरं?

खरं आहे, पण अर्धवट सांगितलं जातं. मार्च १९४९ च्या अंकातलं ते वाक्य आहे. त्याच वाक्यात आधी त्या काळच्या ‘एनियाक’ या संगणकाचा उल्लेख आहे: १८,००० निर्वात नळ्या, वजन ३० टन. त्यापुढे म्हटलं आहे की भविष्यात कदाचित १,००० नळ्यांतच काम भागेल आणि वजन दीड टनावर येईल. म्हणजे वजन वीसपट कमी होईल असं धाडसाने सांगितलं होतं. ट्रान्झिस्टर नुकताच, १९४७ च्या डिसेंबरात, जन्मला होता. त्याची झेप लेखात पकडली गेली नाही, एवढंच. हसण्यासारखं त्यात काय आहे?

फेब्रुवारी १९५० च्या अंकातल्या लेखाची कथाही तीच. घरातलं सगळं सामान प्लास्टिकचं आणि पाण्याने न भिजणारं, म्हणून २००० सालची गृहिणी पाइप घेऊन दिवाणखाना धुऊन काढते आणि पाणी मोरीसारख्या भोकातून निघून जातं. तिथेही कल्पना प्लास्टिकबद्दल आहे, पण लक्षात राहते ती गृहिणी. तिच्याबद्दल प्रश्न १५ पहा.

१३. सुकाणूचं चाक लावलेल्या अवाढव्य ‘घरगुती संगणका’चा १९५४ चा फोटो मला दर महिन्याला येतो. तो कुठल्या अंकातला?

कुठल्याच नाही. तो बनावट आहे. मूळ फोटो पाणबुडीच्या यंत्रकक्षातल्या नियंत्रणफलकाचा, अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयातल्या प्रदर्शनातला. २००४ मध्ये फोटो बदलून दाखवायच्या एका ऑनलाइन स्पर्धेसाठी कुणीतरी त्यावर माणूस, टीव्ही आणि टंकयंत्र चिकटवलं आणि खाली १९५४ ची ओळ लिहिली. तेव्हापासून तो फिरतो आहे. कृपया पुढे पाठवू नका. खऱ्या अंकांत याहून कितीतरी सुरस गोष्टी आहेत.

१४. आता एआयने बनवलेली ‘जुनी’ मुखपृष्ठं येतात. खरं-खोटं ओळखायचं कसं?

आधी अक्षरं वाचा. खऱ्या मुखपृष्ठावर मासिकाचं नाव, महिना, वर्ष, किंमत आणि बहुधा आतल्या लेखाचं शीर्षक असतं. ते सगळं शुद्ध आणि एकमेकांशी जुळणारं असतं. मग यंत्राकडे बघा. या चित्रकारांच्या यंत्रात दांडा कुठेतरी जोडलेला असतो आणि पट्टा कुठल्यातरी चाकावरून जातो. एआयच्या चित्रात नळी मध्येच हवेत विरते. आणि शेवटची कसोटी म्हणजे तो अंक शोधून मुखपृष्ठ ताडून पाहा. बहुतेक अंक स्कॅन स्वरूपात उपलब्ध आहेत (प्रश्न १८).

१५. या भविष्यात बायका कुठे आहेत?

बहुतेक वेळा स्वयंपाकघरात, नव्या चकचकीत उपकरणाशेजारी. यंत्र चालवणारा पुरुष, थक्क होऊन पाहणारी बाई. वाहनं बदलली, इमारती आभाळाला भिडल्या, पण घरातली कामं कुणी करायची हे तसंच राहिलं. मला या मासिकांचं अतोनात प्रेम आहे आणि तरीही हा त्यांचा मोठा आंधळेपणा आहे असं मी मानतो. मुखपृष्ठावर गोऱ्या माणसाखेरीज दुसरं कुणी कर्तेपणाने दिसणंही दुर्मीळ.

१६. असं फक्त अमेरिकेतच होतं का?

नाही. फ्रान्समध्ये आल्बेर रोबिदा यांनी १८८० च्या दशकातच घरबसल्या नाटक दाखवणारा पडदा काढला होता. सोव्हिएत संघात १९३३ पासून ‘तेख्निका मोलोद्योझी’ म्हणजे ‘तरुणांसाठी तंत्रज्ञान’ हे मासिक निघत असे. त्याची मुखपृष्ठं मला अमेरिकन मुखपृष्ठांच्या तोडीस तोड वाटतात. फरक विषयात आहे. अमेरिकन चित्रात माणूस स्वतःच्या गॅरेजसमोर स्वतःच्या यंत्राबरोबर उभा असतो. सोव्हिएत चित्रात धरण असतं, ध्रुवापर्यंत जाणारी गाडी असते, सगळ्यांचं मिळून काहीतरी असतं. १९८४ मध्ये या मासिकाने आर्थर क्लार्क यांची कादंबरी क्रमशः छापायला घेतली. त्यातल्या रशियन पात्रांना सरकारविरोधी विचारवंतांची आडनावं आहेत हे उशिरा लक्षात आलं, छपाई थांबली आणि संपादक झाखारचेंको यांचं पद गेलं.

१७. मराठीत असं मासिक होतं का?

विज्ञानाची मासिकं होती, या धाटणीचं मात्र माझ्या पाहण्यात आलेलं नाही. ‘सृष्टिज्ञान’ १९२८ मध्ये पुण्यात सुरू झालं, म्हणजे ‘अ‍ॅमेझिंग स्टोरीज’नंतर दोनच वर्षांनी. पण त्याचं काम निराळं होतं. शास्त्र मराठीतून सांगता येतं हेच आधी सिद्ध करायचं होतं. उद्याचं स्वप्न आपल्याकडे चित्रापेक्षा कथेत जास्त आलं. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत जयंत नारळीकर यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं, ही गोष्ट अनेकांना ठाऊक असेल.

१८. हे अंक वाचायला कुठे मिळतील?

‘पॉप्युलर सायन्स’ आणि ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’चे बहुतेक जुने अंक गूगल बुक्सवर फुकट, पूर्ण पाहता येतात. गर्न्सबॅक यांच्या मासिकांसाठी इंटरनेट आर्काइव्ह आणि वर्ल्ड रेडिओ हिस्टरी ही संकेतस्थळं बघा. प्रत्यक्ष कागद हवा असेल तर फ्लोरा फाउंटन आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचे जुन्या पुस्तकांचे फुटपाथ. माझा पहिला अंक किंग्ज सर्कलचाच. हल्ली १९६० च्या आधीचं काही सापडलं तर नशीब समजा.

१९. ही चित्रं मी माझ्या लेखात, टी-शर्टवर वापरू शकतो का?

अमेरिकेत त्या काळच्या प्रकाशनांना प्रकाशनापासून जास्तीत जास्त ९५ वर्षं संरक्षण मिळतं. म्हणून १९२५ चे अंक १ जानेवारी २०२१ रोजी तिथे सगळ्यांसाठी खुले झाले आणि दर वर्षी पुढचं एक वर्ष खुलं होतं. त्यानंतरच्या, १९६३ पर्यंतच्या अंकांचं काम किचकट आहे. तेव्हा २८ व्या वर्षी हक्काचं नूतनीकरण करावं लागे, आणि कित्येकांनी ते केलं नाही. प्रत्येक अंक वेगळा तपासावा लागतो. भारतात सर्वसाधारण नियम कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांचा. फ्रँक पॉल १९६३ मध्ये गेले. मासिकाचं नाव हा ट्रेडमार्क असू शकतो, ते प्रकरण निराळं. विक्रीसाठी काही छापणार असाल तर वकिलाला विचारा.

२०. विकत घेताना अंक मूळ आहे की पुनर्मुद्रण, हे कसं कळेल?

मुखपृष्ठ उलटून मागची बाजू बघा. मूळ मुखपृष्ठाच्या मागे जाहिरात असते: रेडिओ दुरुस्ती शिका, घरबसल्या इंजिनिअर व्हा, दंड कमवा. मागची बाजू कोरी असेल तर ती हल्ली काढलेली प्रत. हे मी पैसे मोजून शिकलो. एका विक्रेत्याने काचेच्या चौकटीत घालून, मागे पुठ्ठा चिकटवून मला एक ‘मूळ’ मुखपृष्ठ विकलं. घरी पुठ्ठा सोडवला तर मागे पांढराशुभ्र कागद. तेव्हापासून चौकटीतलं काही मी सोडवून पाहिल्याशिवाय घेत नाही.

भिंगातून पाहिलंत तर मूळ छपाईत ठरावीक अंतरावरचे, ओळीत बसलेले ठिपके दिसतात. घरगुती प्रिंटरचे ठिपके रांगोळी सांडल्यासारखे विखुरलेले असतात. मापही घ्या. ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ लहान आकाराचं, साधारण साडेसहा बाय साडेनऊ इंच. त्याचं हातभर रुंद ‘मूळ’ मुखपृष्ठ असूच शकत नाही.

२१. कोकणात राहतो. पावसाळ्यात हे अंक टिकवायचे कसे?

आतला कागद लाकडाच्या लगद्याचा, स्वस्तातला. त्यातलं लिग्निन हे लाकडातलं द्रव्य हवेने आणि उजेडाने तांबूस होत जातं आणि कागद पापडासारखा तुटतो. मुखपृष्ठाचा कागद गुळगुळीत, चांगल्या प्रतीचा, म्हणून रंग टिकतात आणि आतली पानं मात्र तपकिरी होतात.

लॅमिनेशन करू नका. फाटलं तर सेलोटेप लावू नका, त्याचा डिंक काही वर्षांत पिवळा डाग सोडतो. प्रत्येक अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, मागे आम्लविरहित पुठ्ठा घालून, आडवा ठेवा. पिशवी हवाबंद करू नका, आत अडकलेला ओलावा जास्त नुकसान करतो. कपाटात सिलिका जेल ठेवा आणि जून ते सप्टेंबर ते बदलत राहा. भिंतीला चिकटून असलेल्या आणि तळाच्या फळीवर काही ठेवू नका, वाळवी आणि कसर तिथूनच येते. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात एक दिवस सगळे अंक बाहेर काढा, पण सावलीत. ऊन दाखवायचं ते कपाटाला.

२२. नववीतल्या मुलीला प्रकल्पासाठी एकच अंक दाखवायचा तर कोणता?

फेब्रुवारी १९२५ चा ‘सायन्स अँड इन्व्हेन्शन’. आधी फक्त मुखपृष्ठ दाखवा (प्रश्न ८) आणि हे यंत्र कसं चालत असेल ते तिला तिच्या वहीत काढायला सांगा. नंतर आतला लेख आणि आकृती उघडून तिची आकृती शेजारी ठेवा. आमच्या सोसायटीतल्या मुलांबरोबर मी हे करून पाहिलं आहे. एका सातवीतल्या मुलाने डॉक्टरच्या बाजूला दांड्यांऐवजी हातमोजा काढला होता, आणि त्याच्या प्रत्येक बोटाच्या टोकाला एकेक स्प्रिंग.